गोठ्याचा उतार

गिरजा गेली त्या साली लावणीला मी पिढ्यावर बसलो, तो उठलोच नाही.

पिढं म्हणजे वीतभर उंचीचं लाकडी बसणं. राबातली, म्हणजे पेरलेल्या वाफ्यातली, भाताची रोपं उपटताना बायका ते बुडाखाली घेतात. मी कधी घेत नसे. त्या साली घेतलं, कारण वाकायला मन होत नव्हतं. थोडी रोपं उपटली, मुठी बांधल्या आणि पुढे सरकायला म्हणून उठू लागलो तर पाय हलेनात. दुखत नव्हते. नुसते माझे राहिले नव्हते. मी अनिलला हाक मारली. एका बगलेत माझा मुलगा अनिल आणि दुसऱ्या बगलेत चांगो, असं दोघांनी मला उभं केलं. चांगो माझा शेजारी, आम्ही एकाच वर्गात नापास झालेलो.

"कुंडल्या, रुतलेल्या म्हशीवाणी बसलास की रे," तो म्हणाला.

राबातल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. मग घरी आलो आणि ओटीवर आडवा झालो. लावणी माझ्याशिवाय उरकली.

गिरजा चैत्रात गेली होती. ताप आला म्हणून शहापूरला नेली, तिथून पुढे नेली आणि परत आणली ती चादरीत. तेव्हापासून मी ओटीवरच असायचो. ताट यायचं, जेवायचो. कोणी काही विचारलं तर हो म्हणायचो. पाऊस गेला, भात कापलं, झोडपलं, घरात आलं. ते सगळं मी पडल्या पडल्या बघितलं.

दिवाळीनंतर अनिल माझ्या उशाशी येऊन बसला. तो आसनगावजवळ एका कंपनीत पाळीवर जातो. आटगावच्या आमच्या भागातली बरीच पोरं तिथंच जातात.

"बा, मी चांगोकाकाशी बोललो," तो म्हणाला. "पुढल्या सालापासनं शेत त्यांना अर्धेलीनं देऊ. ते लावतील, कापतील, अर्धं भात आणून टाकतील."

"आणि मी काय करू?"

"तू आराम कर ना."

"आरामच करतोय. बघतोस ना कसा झालाय तो."

"मग लावणार कोण? माझी पाळी असते. सारिका एकटी किती करील? तू पिढ्यावरनं उठत नायस."

यात चुकीचं काही नव्हतं, तरी मला राग आला. आमचं ओहोळाकडचं एक खाचर आहे. अरुंद, दोन माणसांचं. लावताना एक पात माझी आणि एक गिरजाची. लग्न झालं त्या सालापासून आम्ही दोघं शेजारी शेजारी वाकून, मागे मागे सरत ते लावत आलो. तिथं तिसरा माणूस कधी उतरला नाही. ते दुसऱ्याच्या हातात गेलं असतं तर मला तिच्या जवळ जायला जागाच राहिली नसती. हे मी अनिलला सांगितलं नाही. असलं बोलायची आमच्या घरात सवय नाही.

मी म्हटलं, "आषाढापर्यंत थांब. ओहोळाकडचं खाचर मी एकट्यानं लावीन. दोन्ही पाती. बसेन, उठेन, कोणी हात लावायचा नाय. जमलं तर शेत आपल्याकडं. नाय जमलं तर दे चांगोला."

अनिलनं सारिकाकडे बघितलं. सारिका दारात सूप घेऊन उभी होती.

"मामा बोलतात तर थांबा," ती म्हणाली. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामा म्हणतात.

"बरं," अनिल म्हणाला. "आषाढापर्यंत."

सारिकानं मला शहापूरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी गुडघे दाबून बघितले, पाय वाकवून बघितले आणि म्हणाल्या, "हाडं चांगली आहेत. मांडीत जोर नाही राहिला. व्यायाम करा."

"बाई, जन्मभर दुसरं काय केलं?"

"ते काम होतं. काम थांबलं, जोर गेला. आता मुद्दाम करावं लागेल." मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. मी दोनदा परत खुर्चीत पडलो.

बाहेर आल्यावर सारिका म्हणाली, "मामा, आपण घरीच जिम करू."

"जिम म्हंजे तालीमच ना?"

"तालीमच. फक्त मारुती नसतो."

सारिका मुरबाडकडची. कॉलेजात ती कबड्डी खेळायची, पकड करायची. लग्नानंतर खेळ सुटला, पण हातात पकड राहिली आहे. भाताचं पोतं ती माझ्यापेक्षा सहज उचलते. तिला या कामात माझ्याइतकीच हौस आहे हे मला तेव्हा कळलं.

पौषात म्हशाच्या जत्रेला तिच्या माहेरी गेलो, तेव्हा तिनं मला मुरबाडच्या स्टँडजवळची एक जिम दाखवायला नेलं. मोठे आरसे आणि काळी लोखंडी यंत्रं. आत गाणी एवढ्या जोरात की बोलणं ऐकू येईना. म्हशाच्या बाजारात मी बैल बघायचो तसं एकेक यंत्र बघितलं. आधी समोरून, मग बाजूनं, मग मागं जाऊन. एक जण दोरी ओढून वजन वर नेत होता. एक जण मानेमागं लोखंडी दांडा घेऊन उठत-बसत होता. दांड्याच्या दोन टोकांना वजनं.

तिथला पोरगा म्हणाला, "काका, मेंबर व्हायचंय काय?"

"नाय, बघायला आलोय."

"बघून बॉडी नाय बनत, काका."

"त्यांची बनलेलीच हाय," सारिका म्हणाली. "जरा झोपलीय."

परत येताना एसटीत ती मला विचारत होती आणि मी सांगत होतो. दोरी ओढायच्या यंत्राला काय करायचं? विहिरीवरची जुनी कप्पी वाशाला बांधायची. वजनाला काय? तेलाचे रिकामे कॅन, त्यात ओहोळाची वाळू. चढ-उतार करायला? फणसाचा ओंडका पडलाय तो.

"आणि तो मानेवरचा दांडा?" तिनं विचारलं.

मी खिडकीबाहेर बघितलं. "जू हाय ना," मी म्हटलं.

जागा गोठ्याची ठरली. गोठा घराला लागूनच आहे. आमचे बैल विकले त्याला बरीच वर्षं झाली. चिखलणीला यंत्र यायला लागलं आणि बैल नुसते उभे राहून खायला लागले, म्हणून विकले. गिरजानं त्या दिवशी चूल पेटवली नव्हती. गव्हाण मोडून तिथं मोटारसायकल लावू असं अनिल कितीदा म्हणाला, पण तिनं मोडू दिली नाही. "राहू दे. कधी काय सांगता येतं," म्हणायची. मग तिथं तिनं लाकडं रचली, गोवऱ्या ठेवल्या.

आम्ही गोवऱ्या बाहेर काढल्या. लाकडं मागच्या अंगाला नेली. एका खुंटीवर तिचं चोपणं लटकत होतं. जमीन करताना माती ठोकून बसवायचं ते लाकडी फळकूट. त्याची मूठ तिच्या हातानं झिजून एका बाजूला सपाट झाली होती. मी ती मूठ धरून बघितली. माझ्या हाताला ती बसेना. परत खुंटीला लावलं.

कप्पी बांधली. कॅन भरले. जू वरच्या माळ्यावर होतं. ते खाली काढून धुतलं आणि त्याच्या दोन टोकांना दोन कॅन अडकवले. त्याच वेळी चांगो विडी ओढत आला आणि दारात थांबला.

"हे काय रे कुंडल्या? बैल मिळाला नाय म्हणून सोता जुंपून घेतोस?"

"व्यायाम हाय."

"जू मानेवर घेतलंस. आता येसण कोण घालणार? सूनबाई?"

"चांगोकाका, तुमची पण मान मोजून ठेवलीय मी," सारिका म्हणाली. "जू दोघांचं असतं."

चांगो हसत हसत गेला. पण जाता जाता बोलला, "खरं सांगतो, मला तुझ्या शेताची घाई नाय. माझंच मला होत नाय."

सगळ्यात उपयोगाला आली ती गव्हाण. दगड-मातीची, मांडीइतकी उंच, कड रुंद. डॉक्टरीणबाईंची खुर्ची तीच. सारिकानं सरळ आखणी केली. आधी गव्हाणीच्या कडेवर बसायचं-उठायचं. ते जमलं की त्याहून खाली लाकडी पेटी. मग ओंडका. शेवटी पिढं. "पिढ्यावरनं हात न टेकता उठलात की झालं," ती म्हणाली. रोज सकाळी ती भाकऱ्या करायच्या आधी आम्ही गोठ्यात जायचो. मी गव्हाणीकडे पाठ करून उभा राहायचो, ती समोर.

"गुडघे बाहेर. छाती वर. श्वास धरू नका, मामा, सोडा."

"सोडला तर राहतो कुठं?"

"बोलायला जोर हाय ना? मग अजून एकदा."

पहिल्या आठवड्यात मांड्या एवढ्या भरून आल्या की शौचाला जाताना मी कुडाचा आधार घेतला. पण ते दुखणं बरं वाटायचं. खूप महिन्यांनी अंगात काहीतरी चाललंय असं वाटलं. भूक लागायला लागली. एक दिवस मी दुसरी भाकरी मागितली तर सारिका आत गेली आणि गरम टाकून आणली. मी पेटीपर्यंत आलो. आधी रिकामं जू, मग कॅन लावलेलं, मानेवर घेऊन उठायला लागलो.

मग डावा गुडघा दुखायला लागला.

आधी मी सांगितलं नाही. वाटलं, मुरेल. मुरलं नाही, सूज आली. सारिकानं बघितलं आणि रागावली. मग तिनं वजन कमी केलं, पावलं जवळ ठेवायला लावली, लांब ठेवायला लावली. गुडघा शेकला. दोन दिवस बरा वाटायचा, गोठ्यात गेलो की परत. उजव्याला काही नाही, सगळं डाव्याला. होळीला सगळं गाव होळीभोवती फिरत होतं आणि मी दारातल्या दगडावर बसून लांबून जाळ बघत होतो. गिरजा असती तर नारळ टाकायला तीच पुढे गेली असती.

दुसऱ्या दिवशी अनिलनं माझा गुडघा बघितला.

"बास झालं, बा. उद्या चालायचा बंद होशील. मी चांगोकाकांना सांगतो."

"आषाढ लांब हाय अजून."

"आषाढापर्यंत तुला उचलून न्यायचा का शेतात?"

मी सारिकाकडे बघितलं. ती खाली बघत होती. "माझंच चुकत असल," ती म्हणाली. "मला कबड्डीची पकड येते. गुडघ्यातलं मला काय कळतंय?"

लगेच ती गोठ्यात जाऊन कॅन सोडवायला लागली. मी गव्हाणीवर बसून बघत होतो. तिनं वाळू दारात ओतली आणि कॅन विसळायला म्हणून त्यात पाणी घातलं. एक कॅन तिच्या हातातून सुटला आणि मी जिथं रोज उभा राहायचो तिथं, उजव्या पायाच्या जागेवर आडवा झाला. पाणी सांडलं. सांडलं ते तिथं थांबलं नाही. सरळ डाव्या पायाच्या जागेकडे गेलं, तिथून भिंतीकडे आणि भिंतीच्या भोकातून बाहेर.

"परत ओत," मी म्हटलं.

"काय?"

"परत ओत गो. तिथंच."

तिनं दुसरा कॅन भरून आणला आणि ओतला. पाणी परत त्याच वाटेनं पळालं. आम्ही दोघं बघत राहिलो.

गोठ्याला उतार असतो. बैलाचं मूत थांबू नये, वाहून जावं म्हणून तो ठेवतात. ही काय मला कोणी शिकवायची गोष्ट नव्हती. ती जमीन मीच केली होती. इतके दिवस मी त्या उतारावर आडवा उभा राहून, डावा पाय खाली आणि उजवा वर ठेवून, मानेवर जू घेऊन उठत-बसत होतो. सगळा भार डाव्या गुडघ्यावर.

"मामा," सारिका म्हणाली, "तुमी दोन महिने बांधावर उभं राहून उठबशा काढल्यात."

मी हसायला लागलो. ती हसायला लागली. गिरजा गेल्यापासून मी असा पोट धरून हसलो नव्हतो. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मग थांबेना. सारिका कॅन घेऊन बाहेर गेली. तिला कळलं.

कारण तो उतार मी गिरजासाठी जास्त ठेवला होता. दुसऱ्यांच्या गोठ्याला असतो त्याहून जास्त. शेण-मूत ती काढायची. लग्न झाल्यावर पहिल्याच पावसात ती म्हणाली होती, "अवो, थांबलेलं मूत मी नाय भरणार, सांगून ठेवते." तेव्हा मी अख्खी जमीन उखडून परत केली होती. आता ती जमीन भर घालून सपाट करायची म्हणजे तिच्यासाठी केलेलं मोडायचं.

मी दोन दिवस तसाच बसलो. मग रखमी आली. रखमी म्हणजे गिरजाची जिवाची मैत्रीण, चांगोची मोठी भावजय. दोघी एकाच गावाकडून आमच्या गावात आलेल्या. मी तिला सगळं सांगितलं. उताराचं, गिरजाचं.

रखमीनं तंबाखू मळली, दाढेत ठेवली.

"भावजी," ती म्हणाली, "तिला आता काय शेण काढायचं हाय?"

मग तिनं गोठ्याकडे बोट केलं.

"तिनं गव्हाण कशाला ठेवली? कामाला येल म्हणून. मग येऊ द्या कामाला."

अनिल पाळीवरून आला तेव्हा सारिकानं त्याला गोठ्यात नेलं. मी ओटीवरून बघत होतो. त्यानं बूट न काढताच जू मानेवर घेतलं, माझ्या जागेवर उभा राहिला आणि थोडा खाली बसून उठला. मग जागा बदलून तोंड उताराकडे केलं आणि परत बसला-उठला. जू खाली ठेवलं. बूट काढायला ओटीवर आला. सुट्टीच्या दिवशी सकाळीच ट्रॅक्टर आला आणि दारात मुरूम ओतून गेला. मी विचारलं, "ह्यो कोणी मागवला?" अनिल म्हणाला, "तिकडनं जातच होता." आमच्या वाटेनं पुढे कुठं जाता येत नाही, तळ्याचं पाणी लागतं.

सूज उतरेपर्यंत मी बसून सांगायचो आणि बाकीचे करायचे. खालच्या बाजूला मुरूम जास्त, वरच्या बाजूला पातळ. अनिल फोनवर कसली तरी पट्टी दाखवत होता, त्यात बुडबुडा मधे आला की सपाट. मी म्हटलं, "ठेव तो खिशात. खाचर कसं बघतोस?" आम्ही दारात मातीचा छोटा बांध घातला, भिंतीचं भोक बुजवलं आणि आत पाणी सोडलं. खाचरात पाणी भरलं की जिथं ढेकूळ वर दिसतं तिथं उंच, जिथं पाणी काळं दिसतं तिथं खोल. तसंच बघितलं. उंच तिथलं ओढून खोल भागात घातलं. पाणी सगळीकडे सारखं उभं राहिलं तेव्हा सोडून दिलं आणि माती वाफशावर येऊ दिली.

मग चोपायचं काम. खळं करतो तसं. रखमी आपलं चोपणं घेऊन आली. गिरजाचं सारिकानं घ्यायला हात केला, तर मी म्हटलं, "दे इकडं."

मी दाराच्या कोपऱ्यापासून चोपायला लागलो. मूठ आधी हाताला टोचली, मग झिजलेल्या बाजूला माझा अंगठा बसला. रखमी पलीकडून चोपत येत होती. ती गिरजाच्या माहेरच्या गोष्टी सांगत होती. लहानपणी गिरजा आंब्यावर चढली आणि उतरता येईना म्हणून तिथंच झोपली होती. ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी ऐकत होतो, चोपत होतो, मागे सरत होतो. अर्धा गोठा झाला असेल.

रखमी थांबली. "भावजी."

"काय?"

"तुमी खाली बसलात की."

मी बघितलं. मी उकिडवा बसलो होतो. टाचा जमिनीला, गुडघे छातीशी, आणि तसाच मागे सरत सरत दारापासून इथपर्यंत आलो होतो. पिढ्याहूनही खाली. उठताना मेढीचा, गोठ्याच्या लाकडी खांबाचा, आधार घ्यावा लागला, ते खरं. पण बसलो होतो.

रखमीनं आणि सारिकानं शेणानं सारवलं. सुकेपर्यंत कोणी पाय टाकायचा नाही, आणि सुकल्यावरही चप्पल बाहेर, असं रखमीनं बजावलं. खळ्याला जो मान तोच इथं. गिरजाचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा घरात माणसं मावेनात, म्हणून एक पंगत त्या गोठ्यातच बसली. कप्पीची दोरी वाशाला गुंडाळून ठेवली होती. लोक जेवता जेवता वर बघत होते. चांगोनं सगळ्यांना समजावून सांगितलं की ही कुंडल्याची जिम, इथं तो बैलाचं शिक्षण घेतो.

त्यानंतर गुडघा परत सुजला नाही. पेटी गेली, ओंडका आला. मृगात पिढं आलं. पहिल्या दिवशी पिढ्यावरून मी उठलो नाही. सारिका म्हणाली, "राहू दे, उद्या." उद्याही नाही उठलो. मग एक दिवस पावसानं कौलांवर एवढा आवाज धरला होता की ती काय सांगते ते मला ऐकू येईना, आणि तिच्या तोंडाकडे बघता बघता मी उठून उभा राहिलो. तोवर रखमीपण यायला लागली होती. तिला दोरी आवडली. दोरी ओढली की खांद्यातली कळ जाते म्हणायची. सारिका स्वतः जुवाला कॅन लावून उठत-बसत होती, आणि बायका दुपारी दारात उभ्या राहून बघायच्या. दारात उभ्या राहिलेल्या मग एकेक करून चपला काढायला लागल्या.

आषाढात आमची लावणी आली. अनिलनं रजा घेतली. सावडीनं, म्हणजे एकमेकांच्या शेतावर जायच्या बोलीनं, आलेली माणसं वरच्या खाचरांत उतरली. मी राबात पिढ्यावर बसून ओहोळाकडच्या खाचरापुरती रोपं उपटली, मुठी बांधल्या आणि उठलो. कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे बोलत होते. फक्त रखमीनं बघितलं आणि मान हलवली.

मग मी खाचरात उतरलो. अनिल बांधावर छत्री घेऊन उभा राहिला. मी माझी पात धरली. वाकलो. डाव्या हातात मूठ, उजव्या हातानं चार-चार काड्या सोडवून अंगठ्यानं चिखलात खोवायच्या आणि मागे सरायचं. हाताला आठवत होतं. पाठ मधेच ओरडली, तेव्हा उभा राहिलो, श्वास सोडला, परत वाकलो. वेळ लागला. वरच्या खाचरातली माणसं माझ्या पुढे दोन खाचरं गेली. पण माझी पात पुरी झाली.

दुसरी पात गिरजाची. ती नेहमी ओहोळाच्या बाजूनं लावायची. मी तिकडे उतरलो आणि पाय पोटरीच्या वर गेला. मला वाटलं खड्डा असेल. पुढच्या पावलाला तेच. त्या बाजूला ओहोळाचा गाळ येऊन बसतो, चिखल माझ्या पातीहून खूप खोल. इतकी वर्षं ती त्या चिखलातून पाय काढत माझ्या बरोबरीनं मागे सरत होती, आणि वर बोलतही असायची. मला माहीतच नव्हतं.

मी लावत राहिलो. शेवट जवळ आला. दोन-तीन हात राहिले असतील. डावा पाय काढायला गेलो तर उजवा आणखी खोल गेला, तोल गेला आणि मी चिखलात खाली बसलो. पाणी कमरेला लागलं. हातातली मूठ तेवढी मी वर धरली होती.

वरच्या खाचरातलं बोलणं थांबलं. अनिलनं छत्री टाकली आणि बांधावरून पाय खाली सोडला.

"थांबा," सारिका वरच्या खाचरातून म्हणाली. मोठ्यानं नाही.

"अगो, रुतलाय तो."

"थांबा जरा. बघा."

मी श्वास सोडला. मूठ दातांत धरली. टाचा चिखलात दाबून बघितल्या, कुठंतरी खाली घट्ट लागलं. गुडघे बाहेर. छाती वर. मानेवर जू आहे असं मनात आणलं. चिखल एकदम सोडत नाही, हळूहळू सोडतो. आधी काही झालं नाही. मग बूड सुटलं, पाणी मांडीवर आलं, गुडघ्यावर आलं, आणि मी उभा होतो. दातांतली मूठ काढली आणि राहिलेली पात लावली.

बांधावर आलो तर अनिल तिथंच होता, एक पाय खाचरात, एक वर. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भरली होती.

"बा," तो म्हणाला. मग पडलेली छत्री उचलली. "गोठ्यात दिवा नाय. वायर ओढून घेतो एक. पावसाचा काळोख असतो सकाळी."

"घे," मी म्हटलं.

शेताबद्दल आमचं बोलणं तेवढंच झालं. चांगोला त्यानं काही सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही पडली नाही. चांगो वरच्या खाचरातून हात धुऊन आला आणि मला खालपासून वरपर्यंत बघत म्हणाला, "म्हस उठली रे कुंडल्या."

मी ओहोळात पाय धुतले आणि जरा वेळ तिथं बसलो. खाचर समोर होतं. माझी पात सरळ आली होती. तिची थोडी वाकडी, गाळामुळं. रोपं अजून मान टाकून होती. दोन-चार दिवसांत उभी राहतात. मी तिला काही बोललो नाही, ती तिथं आहे असंही मला वाटलं नाही. पण जागा होती. पुढच्या साली परत येता येईल एवढं कळलं आणि मला भूक लागली, घरी निघालो.

दुसऱ्या दिवशी अंग लाकडासारखं झालं होतं, तरी सकाळी गोठ्यात गेलो. सारिका कॅन लावत होती. तेवढ्यात दारात कोणी खाकरलं. चांगो होता. विडी नव्हती हातात.

"काय नाय," तो म्हणाला. "कालपासनं माझापण गुडघा जरा धरलाय. बघायला आलो."

"बघून काय होत नाय, काका," सारिका म्हणाली.

चांगोनं माझ्याकडे बघितलं. मी जुवाची एक बाजू त्याच्याकडे केली.

"आधी चपला काढ," मी म्हटलं.